एम.ए., एम.एस्सी.ची दोन वर्षं: पहिल्या महिन्यापासून काय धरून चालायचं

नाशिकमध्ये पदव्युत्तर वर्गांना शिकवताना आणि त्यांचे प्रोजेक्ट तपासताना आम्हाला दरवर्षी एकच गोष्ट दिसते. मुलं हुशारीत कमी पडत नाहीत, लिहायला उशिरा बसतात. पदवीची तीन वर्षं परीक्षेआधीच्या महिनाभराच्या अभ्यासावर निघून गेलेली असतात, आणि तीच सवय घेऊन मुलं पुढच्या वर्गात येतात. ती इथे का पुरत नाही, हे क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या तासांच्या मापाचा, हिशोब मांडला की लगेच कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यात जी रचना लागू झाली, तिच्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ८८ क्रेडिट आहेत, दर सेमिस्टरला २२. त्यांतली ४ पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीची, ४ दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची, आणि संशोधन प्रकल्पाची तिसऱ्याला ४ नि चौथ्याला ६. म्हणजे ८८ पैकी १८ क्रेडिट, जवळजवळ पाचवा हिस्सा, अशा कामाला आहेत ज्याच्या नोट्स बाजारात विकत मिळत नाहीत. प्रात्यक्षिक कामाचं एक क्रेडिट ३० तासांचं. त्या हिशोबाने १० क्रेडिटचा प्रकल्प ३०० तासांचा होतो. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरवर पसरवला तर तिसऱ्या सेमिस्टरला आठवड्याचे ८ तास आणि चौथ्याला १२. वेळापत्रकात मात्र या तासांसमोर नुसतं 'प्रोजेक्ट' लिहिलेलं असतं, वर्गात कुणी हजेरी घेत नाही, म्हणून ते सुट्टीत जमा होतात. मार्च उजाडला की ३०० तासांचं काम तीन आठवड्यांत बसवायची धावपळ सुरू होते.

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्याची प्रिंट काढा. युनिटची नावं सगळेच वाचतात. तुम्ही गुणविभागणी, पास होण्याच्या अटी आणि प्रत्येक पेपरच्या शेवटी दिलेली पुस्तकांची यादी वाचा. इंटर्नलला आणि विद्यापीठाच्या पेपरला वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. इंटर्नलचे गुण अभ्यास न आल्याने फारसे जात नाहीत. ते जातात सेमिनारच्या दिवशी गैरहजर राहिल्याने आणि जर्नल वेळेत न दिल्याने. गावाकडे लग्न किंवा काढणी असेल तर आधी सांगा. नंतर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी तोवर गुण भरून झालेले असतात.

५५ टक्के हा आकडाही पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. नेट, सेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. प्रवेश या सगळ्याला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५०. नेटच्या नियमात हे टक्के वर ओढून पूर्ण करून मिळत नाहीत. ५४.९ असले तरी दार बंद. पहिलं सेमिस्टर 'रुळण्यात' घालवलं की त्याची भरपाई पुढची तीन सेमिस्टर करावी लागते, म्हणून पहिल्या सेमिस्टरचे गुण हलके धरू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एबीसीचा (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जिथे तुमची क्रेडिट जमा होतात) १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून काढा आणि त्यावरचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा, कारण वडिलांचं नाव पुढे-मागे झालं की क्रेडिट अडकतात. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, अर्ज भरण्याआधी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. नुसतं खातं असून पैसे येत नाहीत. जात वैधता प्रमाणपत्र लागणार असेल तर त्याच्या मागे आजच लागा. सुरगाणा, पेठ, कळवण भागातून आलेल्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलामुलींसाठी राहण्या-जेवणाचा खर्च देणारी 'स्वयं' योजना आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तेव्हा चौकशीला लांब जावं लागत नाही. परीक्षेचा फॉर्म मुदतीच्या पहिल्या दोन दिवसांत भरा.

आता विषय निवडण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

'नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या: एक अभ्यास.' अशा नावाचे प्रकल्प आमच्याकडे ढिगाने येतात. हा विषय वाईट नाही, तो एका माणसाच्या ३०० तासांत मावत नाही. जिल्ह्यात १५ तालुके, कांद्याचे तीन हंगाम, समस्या बियाण्यापासून निर्यातीपर्यंत. मग होतं असं की पहिली ४० पानं जिल्ह्याच्या भूगोलाची, पुढची २० कांद्याच्या इतिहासाची, आणि स्वतःचं म्हणावं असं काम शेवटच्या ८ पानांत. हाच विषय कापत जा. कोणता कांदा? उन्हाळ. कोणती समस्या? चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, ठेवल्यावर होणारी घट. कुठले शेतकरी? निफाड तालुक्यातल्या तीन गावांतले, ज्यांची स्वतःची चाळ आहे. किती? ६०. काय विचारायचं? किती कांदा भरला, किती महिन्यांनी काढला, किती सडला, किती कोंब येऊन गेला, आणि त्या दिवशी काय भाव मिळाला. आता हा प्रकल्प झाला. नाव लांबलं तरी चालेल. विषय नीट कापला गेलाय की नाही, हे ओळखायची आमची कसोटी साधी आहे: मुख्य तक्त्याचे रकाने आजच आखता आले पाहिजेत. रिकामा तक्ता आखता येत नसेल तर विषय अजून मोठाच आहे.

या ६० शेतकऱ्यांचा हिशोब आधीच करा. एका फॉर्मला पाऊण तास, म्हणजे नुसतं बोलणं ४५ तासांचं. नाशिकहून लासलगावच्या बाजूला जाऊन यायचं, वस्त्या एकमेकींपासून लांब, माणूस घरी सापडायला हवा. दिवसाला ५ फॉर्म झाले तर खूप झाले. म्हणजे १२ दिवस. पुढे एक फॉर्म संगणकात भरायला १५ मिनिटं धरली तर आणखी १५ तास. आणि हे १२ दिवस केव्हाचे, तेही महत्त्वाचं. दिंडोरी, पिंपळगाव, ओझर भागात द्राक्षवाल्यांकडे जायचं असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीत जाऊ नका. तिसरं सेमिस्टर नेमकं त्याच महिन्यांत असतं, मुलं वही घेऊन बागेत उभी राहतात आणि मजुरांच्या टोळीमागे धावणारा शेतकरी 'नंतर या' म्हणतो. त्याचं चूक नाही. जानेवारी ते एप्रिल तोडणी, एप्रिलमध्ये परत खरड छाटणी. म्हणून द्राक्षाच्या विषयाचं क्षेत्रकाम दुसरं सेमिस्टर संपल्यावर जूनच्या आसपास उरकलं तर सोपं जातं. त्यासाठी विषय दुसऱ्या सेमिस्टरमध्येच ठरलेला हवा, आणि नियमाने तो तिसऱ्यात ठरत असला तरी गाईडशी बोलून ठेवायला कुणी अडवत नाही.

बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याला गाठून फॉर्म भरून घ्यायचा मोह होतो. ट्रॅक्टर रांगेत असेपर्यंत तो बोलतो, पण लिलाव आपल्या ट्रॉलीपर्यंत आला की फॉर्म अर्ध्यात राहतो. शिवाय त्या दिवशी भाव पडला असेल तर सगळी उत्तरं त्या रागातून येतात. तिथे फक्त ओळख करून घ्या, फोन नंबर घ्या, फॉर्म घरी जाऊन भरा.

प्रश्नावली छापण्याआधी १० जणांवर करून पाहा आणि हे १० मुख्य ६० मध्ये धरू नका. 'आपले वार्षिक उत्पन्न किती?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक फॉर्मात असतो आणि त्याला खरं उत्तर मिळत नाही. माणूस लपवतो असंच नाही, शेतीत उत्पन्न त्या रूपात कुणाच्या डोक्यात नसतंच. त्याऐवजी विचारा: यंदा किती ट्रॉली विकल्या, एका ट्रॉलीत अंदाजे किती क्विंटल, सगळ्यात चांगला भाव कोणता लागला, सगळ्यात पडता कोणता. जमीन एकर-गुंठ्यांत विचारा, हेक्टर तुम्ही घरी करा. ४० गुंठ्यांचा एकर. 'रांगडा', 'उन्हाळ', 'चिंगळी' हे कांद्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. फॉर्मवर फक्त क्रमांक टाका. नाव, गाव, फोन एका वेगळ्या वहीत त्या क्रमांकासमोर. एकमेकांच्या भावकीतली माणसं असतात, एकाचा फॉर्म दुसऱ्याच्या नजरेला पडता कामा नये.

विज्ञानवाल्यांचं दुखणं वेगळं, पण मूळ तेच. गोदावरीच्या पाण्याचा अभ्यास हा नाशिकमधला नेहमीचा विषय. सोमेश्वर, रामकुंड, तपोवन अशी ठिकाणं ठरतात, बाटल्या घेऊन मुलं जातात, आणि विरघळलेला ऑक्सिजन महाविद्यालयात परत आल्यावर मोजायला घेतात. तोवर आकडा बदललेला असतो. विंकलर पद्धतीत मॅंगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घाटावरच, बाटली भरल्या भरल्या घालायचं असतं. ३०० मिलीची बाटली काठोकाठ, आत बुडबुडा न ठेवता. टायट्रेशन मग प्रयोगशाळेत. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्या मोजणीचा) नमुना बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून आणायचा. बीओडी २७ अंशांवर ३ दिवसांची करत असाल तर कॅलेंडर बघून निघा. सोमवारी लावलेला नमुना गुरुवारी वाचायचा, शुक्रवारचा सोमवारी, पण गुरुवारी लावलात तर वाचायचा दिवस रविवार, आणि प्रयोगशाळेला कुलूप. २० अंशांवर ५ दिवसांची पद्धत असेल तर हाच घोळ मंगळवारी होतो. गेलेला नमुना परत आणता येत नाही, कारण नदी त्या दिवसाची राहिलेली नसते.

पावसाळ्याचंही तसंच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीपाशी पूर चढला की रामकुंडाचा नमुना घेणं धोक्याचं, आणि घेतला तरी तुमच्या बाकीच्या आकड्यांशी त्याची तुलना होत नाही. पावसाआधीचा संच हवा असेल तर तो मेमध्येच घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी. ज्यांचे नमुने बाहेरच्या उपकरणावर तपासायला पाठवावे लागतात त्यांनी निकालाला काही आठवडे धरूनच चालावं. प्रयोगवही शाईच्या पेनने, रोजच्या तारखेने लिहा. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, व्हाइटनर लावू नका. फसलेला प्रयोगही लिहून ठेवा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) त्याबद्दल विचारलं तर तुमच्याकडे सांगण्यासारखं असतं.

वाचनाकडे वळू. बऱ्याच मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालेलं असतं आणि पहिला इंग्रजी शोधनिबंध उघडला की तिसऱ्या ओळीत धीर सुटतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट सोडा. आधी सारांश, मग तक्ते आणि आकृत्या, मग निष्कर्ष, आणि उपयोगाचा वाटला तरच मधली पद्धत. प्रत्येक निबंधाला एक पान: काय विचारलं, कुणाला विचारलं, किती जण, काय निघालं, माझ्या कामाला कुठे लागेल. हे पान मराठीत, स्वतःच्या शब्दांत. पान क्रमांक तिथेच लिहा; सहा महिन्यांनी तोच पान क्रमांक शोधण्यात अख्खी दुपार जाते. आठवड्याला दोन केले तरी पहिल्या वर्षाअखेरीस ५० च्या पुढे जाता. महाविद्यालय एन-लिस्टचं (शोधनिबंध आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणारी सेवा) सदस्य असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या, ते मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. आधी झालेले पीएच.डी. प्रबंध शोधगंगावर फुकट आहेत. संदर्भ सांभाळायला झोटेरो वापरा, तेही फुकट आहे. आणि इतिहास, मराठी, राज्यशास्त्रवाल्यांनी १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय फक्त कादंबऱ्यांसाठी ठेवू नये. काय शोधताय ते तिथल्या माणसांना नेमकं सांगा, ती मदत करतात.

गाईडला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नका, हा आमचा सगळ्यात कळकळीचा सल्ला. 'सर, काय करू?' या प्रश्नाला गाईडकडे उत्तर नसतं, कारण समोर कागदच नसतो. दोन दिवस आधी चार-सहा पानं पाठवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा. उदाहरणार्थ: 'नमस्कार मॅडम, प्रकरण दुसरं, सहा पानं सोबत जोडली आहेत. तक्ता ३ मध्ये चाळीतली घट टक्क्यांत दाखवू की क्विंटलमध्ये, एवढं विचारायचं होतं. शुक्रवारी दोननंतर भेटायला येऊ का?' एवढा मेसेज वाचून गाईडला कळतं की काम चालू आहे. भेट झाल्यावर बाहेर पडताच काय ठरलं ते पाच ओळींत लिहून त्यांनाच पाठवा. पुढच्या महिन्यात दोघांच्याही लक्षात वेगवेगळं राहतं, तेव्हा या पाच ओळी कामी येतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर रागावलेत असं समजू नका. पेपर तपासणी, पदवीचे वर्ग आणि आणखी दहा जणांचे प्रोजेक्ट त्यांच्या टेबलावर असतात. नम्रपणे परत विचारा. गप्प बसून राहिलेल्या मुलांचंच सर्वांत जास्त नुकसान होतं.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. झेरॉक्सच्या दुकानात करून दिलेलं काम अजूनही कधीकधी जुन्या फॉंटमध्ये असतं. ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा पसारा दिसतो, साधर्म्य तपासणीला (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणाऱ्या) ती चालत नाही, आणि रूपांतर केलं की रफार नि जोडाक्षरं तुटतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डचा हात बसायला महिनाभर रोज अर्धा तास पुरतो. बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच सोडा. फाईल पेनड्राइव्हवर, ईमेलवर आणि ड्राइव्हवर, अशी तीन ठिकाणी ठेवा आणि नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं' या तीन फाइलींतून चुकीची छापली जाणं हे सबमिशनच्या आदल्या रात्रीचं नेहमीचं संकट आहे.

साधर्म्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. शोधप्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साधर्म्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला एक वर्ष प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. महाविद्यालयं प्रकल्पांनाही साधारण हाच माप लावतात. पण आकड्यापेक्षा गंभीर गोष्ट सांगायची आहे: इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद करून आपला म्हणून देणं हीसुद्धा चोरीच आहे, मग यंत्राच्या तपासणीत ती पकडली जावो वा न जावो. आणि मोबाइलवरच्या एआयकडून संदर्भ घेतलात तर प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. तो बेमालूम दिसणारे, पण कधी छापलेच न गेलेले निबंध सांगतो. परीक्षकाने एक जरी शोधला आणि सापडला नाही, तर बाकी सगळ्या कामावरचा विश्वास उडतो.

नेट-सेटची तयारी वेगळी नको, पहिल्या सेमिस्टरपासून वर्गातल्या अभ्यासाबरोबर चालू द्या. नेट वर्षातून दोनदा होते, तीन तास, दोन पेपर मिळून १५० प्रश्न आणि ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विज्ञान विषयांची सीएसआयआरची नेट मात्र गुण कापते. शेवटच्या वर्षाला असताना दोन्हींना बसता येतं. जेआरएफला (नेटमधूनच मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती) सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे, म्हणून 'आधी नोकरी, मग बघू' म्हणणाऱ्यांनी वय मोजून ठेवावं. सेटला वयाची अट नाही आणि ती आपलंच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पीएच.डी.चा विचार असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर नजर ठेवा. गाईड शोधताना जागा आहे का तेही विचारा: २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ एवढेच विद्यार्थी घेता येतात.

व्हायव्हाला जाताना भरलेले सगळे फॉर्म पिशवीत घालून न्या. परीक्षक सहसा तक्ता उघडतात आणि विचारतात, हे ६० कसे निवडले? 'ओळखीचे होते' हे खरं असेल तर तेच सांगा, आणि त्यामुळे निष्कर्षाला कुठे मर्यादा येते तेही सांगा. मर्यादा तुम्ही आधी सांगितली की परीक्षकाला ती खणून काढावी लागत नाही. पाठ केलेली प्रस्तावना म्हणू नका. जे केलं नाही ते केलं म्हणू नका, पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं.

निकालानंतर एक काम उरतं. ज्यांनी पाऊण-पाऊण तास दिला, चहा पाजला, चाळीचं दार उघडून सडलेला कांदा हातात घेऊन दाखवला, त्यांना काय निघालं ते कळवा. साध्या मराठीत दोन पानं, एक तक्ता, मोठ्या अक्षरात. क्रमांकासमोर नावं लिहिलेली ती वेगळी वही त्यासाठीच जपून ठेवा, आणि पानं पोहोचली की तीही फाडून टाका.